साडेतीन किलो रोहू आणि बीजगणितातील कंस

भिगवण : पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्यांना उजनी धरणाच्या फुगवट्यालगतचे हे गाव दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. हिवाळ्यात उथळ पाण्यात उतरणारे रोहित पक्षी ही पहिली, आणि इंदापूर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या उपबाजारात होणारा मासळीचा लिलाव ही दुसरी. या बाजारात बीजगणितही चालते, ही तिसरी गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण तेथे त्याला त्या नावाने कोणी ओळखत नाही.

समजा, रोहूचा भाव किलोला १६० रुपये आहे आणि गिऱ्हाइकाने साडेतीन किलो मासळी मागितली. विक्रेता कागद-पेन्सिल शोधत बसत नाही. तीन किलोचे चारशे ऐंशी, अर्ध्या किलोचे ऐंशी, मिळून पाचशे साठ, असा हिशेब तोंडी होतो. पावणेचार किलो मागितली तर रीत थोडी बदलते. चार किलोचे सहाशे चाळीस धरायचे आणि पाव किलोचे चाळीस वजा करायचे, सहाशे झाले. हा हिशेब कागदावर मांडला तर असा दिसेल :

१६० × (३ + १/२) = ४८० + ८० = ५६०
१६० × (४ − १/४) = ६४० − ४० = ६००

कंसातील प्रत्येक घटकाला बाहेरच्या संख्येने गुणायचे आणि आलेल्या गुणाकारांची बेरीज किंवा वजाबाकी करायची, या नियमाला गणितात ‘वितरण गुणधर्म’ म्हणतात. मराठी भाषेने तर तो संख्यांच्या नावांतच बसवून ठेवला आहे. ‘साडे’ म्हणजे अर्धा अधिक, ‘सव्वा’ म्हणजे पाव अधिक आणि ‘पावणे’ म्हणजे पाव उणे. पूर्वीच्या मराठी शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. सोळा सव्वा वीस म्हणणारे मूल सोळा आणि सोळाचा पाव भाग चार यांची बेरीजच करीत असे. कंस हा शब्द त्याने ऐकलेलाही नसे.

असे असताना आठवीच्या वर्गात फळ्यावर ३(क्ष + ४) लिहिले की अनेक वह्यांत उत्तर येते : ३क्ष + ४. बाहेरच्या तीनने क्षला गुणले, चारला मात्र तसेच सोडून दिले. बीजगणिताची सुरुवात करणाऱ्या मुलांची ही जगभर आढळणारी चूक आहे. ती दुरुस्त न होता पुढे गेली, तर समीकरणे, अवयव, वर्गसमीकरणे असे सारेच डळमळू लागते, आणि दहावीला बीजगणिताची प्रश्नपत्रिका स्वतंत्र असते. तोवर बहुतेकदा घरात निकाल लागून गेलेला असतो : ‘याला गणित येत नाही.’ तराजूमागे उभे राहून साडेतीन किलोचा हिशेब क्षणात सांगणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा निकाल कितपत न्याय्य आहे, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या मुलांवरील एक शोधनिबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. टेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालूसिया श्लीमन हे संशोधक गिऱ्हाईक होऊन मुलांकडे गेले. बाजारातील प्रश्नांची मुलांनी दिलेली ९८.२ टक्के उत्तरे बरोबर होती. त्याच मुलांना तशीच आकडेमोड कागदावर शाळेच्या पद्धतीने दिली, तेव्हा हे प्रमाण ३६.८ टक्क्यांवर आले. पस्तीसचा एक याप्रमाणे दहा नारळ किती, असे विचारल्यावर बारा वर्षांच्या एका मुलाने दहाला गुणून शून्य जोडले नाही. तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनांचे मिळून दोनशे दहा, आणखी तिनांचे मिळून तीनशे पंधरा आणि उरलेल्या एकाचे धरून साडेतीनशे, अशा टप्प्यांनी तो गेला. दहाची फोड त्याने तीन, तीन, तीन आणि एक अशी केली. हा वितरण गुणधर्मच होता. मात्र शाळेच्या तपासणीत त्याला गुण मिळाले नसते.

आपल्याकडेही असाच अनुभव आला. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाजारातील मुले अवघड व्यवहार तोंडी सोडवत होती. शाळेच्या धर्तीचे साधे भागाकार-वजाबाकीचे प्रश्न मात्र त्यांना अडत होते. उलट, बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांना बाजारातले हिशेब अडत होते. एकीकडचे ज्ञान दुसरीकडे आपोआप जात नाही. मधला पूल कोणीतरी बांधावा लागतो.

हा पूल बांधायचा तर सुरुवात सोप्या बाजूने करता येते. शाळेत ‘सजातीय पदांची बेरीज’ आणि ‘कंस सोडवणे’ हे दोन वेगळे धडे आणि दोन वेगळे नियम म्हणून शिकवले जातात. वस्तुतः नियम एकच आहे. तो एका दिशेने वाचला की कंस सुटतो आणि उलट दिशेने वाचला की सजातीय पदे एकत्र येतात.

एका मच्छीमाराने सोमवारी ७ किलो आणि मंगळवारी ५ किलो रोहू त्याच भावाने विकली, असे समजू. भाव र रुपये असेल तर त्याला सोमवारी ७र आणि मंगळवारी ५र रुपये मिळाले. एकूण किती? कोणीही सांगेल, बारा किलोचे पैसे, म्हणजे १२र. हे बरोबर का आहे, याचे उत्तर मात्र क्वचितच दिले जाते :

७र + ५र = (७ + ५)र = १२र

दोन्ही पदांत समान असलेला र कंसाबाहेर काढला, इतकेच. म्हणजे सजातीय पदांची बेरीज हा वितरण गुणधर्माचाच उलटा प्रवास आहे. आता रोहूबरोबर चिलापीही विकली आणि तिचा भाव च रुपये असला, तर ७र + ५च यांचे काय करायचे? येथे दोन्ही पदांत समान असे अक्षरच नाही, त्यामुळे कंसाबाहेर काढण्यासारखे काही हाती लागत नाही. बेरीज आहे तशीच ठेवावी लागते. विजातीय पदे एकत्र करू नयेत, हा काही वरून लादलेला निर्बंध नव्हे. तेथे वितरण गुणधर्माला धरायला जागाच नसते.

वर्गात अनेकदा ‘आंब्यांत आंबे मिळवा, बोरांत बोरे मिळवा’ अशी युक्ती सांगितली जाते. ती चटकन कळते, म्हणून लोकप्रिय आहे. पण पुढे घात करणारी हीच आहे. तिच्यामुळे मुलाला वाटते की र म्हणजे रोहू आणि च म्हणजे चिलापी. र हा मासा नव्हे. तो रोहूच्या एका किलोचा भाव आहे, म्हणजे एक संख्या आहे. आज ती १६० असेल, उद्या १८०. अक्षर म्हणजे वस्तू असे एकदा मनात बसले की ‘र गुणिले च’ याचा अर्थ लागत नाही, कारण माशाला माशाने गुणता येत नाही. संख्येला संख्येने मात्र गुणता येते.

आता कंसाकडे वळू. सहा गिऱ्हाइकांनी प्रत्येकी दोन किलो रोहू आणि एक किलो चिलापी घेतली. एकाचे बिल २र + च. सहा जणांचे :

६(२र + च) = १२र + ६च

येथे १२र + च असे लिहिणाऱ्या मुलाला चूक कळते ती नियम सांगून नव्हे, तर बाजारात नेऊन. त्याने पाच गिऱ्हाइकांना चिलापी फुकट दिली! कंस म्हणजे एका गिऱ्हाइकाची पिशवी आणि बाहेरचा आकडा म्हणजे पिशव्यांची संख्या. पिशव्या सहा असतील तर पिशवीतली प्रत्येक वस्तू सहापट होते, पहिली तेवढी नव्हे.

वजाबाकीचा कंस अधिक त्रासदायक. ‘कंसाबाहेर उणे असेल तर आतील चिन्हे बदलतात’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले जाते, आणि परीक्षेत निम्मी चिन्हे बदलून निम्मी तशीच राहतात. समजा, एखाद्या विक्रीची पट्टी ९००० रुपयांची झाली. त्यातून ६०० रुपये वजावट ठरली होती, पण त्यातले ५० रुपये सोडून देण्यात आले. हातात किती?

९००० − (६०० − ५०) = ९००० − ६०० + ५० = ८४५०

कापायच्या रकमेतून जे कमी झाले ते हातात परत आले. म्हणून उण्यातील उणे अधिक होते. चिन्ह न बदलता ९००० − ६०० − ५० असे केले तर ८३५० येतात, म्हणजे शंभर रुपये कमी. चूक पन्नासाची वाटते, पण नुकसान दुपटीने होते. ज्याच्या पट्टीत ती होईल त्याला पुन्हा नियम पाठ करावा लागणार नाही.

अशा चुकांच्या मुळाशी ‘पद’ ही कल्पना नीट न रुजणे असते, असे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांच्या कामातून पुढे आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या केंद्रात, दोन हजार सालानंतरच्या दशकात, त्यांनी सहावीच्या विद्यार्थ्यांना अक्षरांच्या आधी आकड्यांच्याच राशी ‘पदां’च्या नजरेने पाहायला शिकवले. उदाहरणार्थ, १९ − ७ + ४ यात घाईने ७ आणि ४ मिळवून १९ मधून ११ वजा करणारी मुले असतात. त्यांचे उत्तर ८ येते. पण ही राशी +१९, −७ आणि +४ अशा तीन पदांची आहे आणि प्रत्येक पदाचे चिन्ह त्याच्या पुढ्यात चिकटलेले आहे, हे दिसले की उत्तर १६ येते; पदांचा क्रम बदलला तरी तेच राहते. ही नजर आकड्यांवर तयार झाली की अक्षरांवर तीच वापरता येते. चिन्हाशिवाय पद नाही, हे आधी कळले तर नंतरची बरीच पडझड टळते.

न दिसणारा ‘एक’ हीदेखील अशीच एक अडचण. ५क्ष − क्ष याचे उत्तर ५ असे लिहिणारी मुले कमी नाहीत. पाच क्षमधून क्ष काढून टाकला, उरले पाच, असे त्यांचे तर्कशास्त्र असते, आणि लिपीच्या अंगाने पाहिले तर ते अगदीच चुकीचे नाही. पण क्ष म्हणजे १क्ष. मग (५ − १)क्ष, म्हणजे ४क्ष.

सजातीय, विजातीय हे शब्द पाठ्यपुस्तकी आणि रुक्ष वाटतात, पण त्यांच्यामागील कल्पनेला महाराष्ट्राच्या मातीत दीर्घ परंपरा आहे. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये रचलेल्या ग्रंथाचा एक भाग ‘बीजगणित’ या नावाने ओळखला जातो. समान जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी करावी आणि भिन्न जातीच्या राशी वेगळ्या मांडून ठेवाव्यात, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. अज्ञात संख्यांना ते रंगांची नावे देत. पहिली ‘यावत्तावत्’, पुढच्या काळा, निळा, पिवळा, तांबडा. लिहिताना या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येपुढे ‘रू’ लिहीत. हा ‘रू’ रुपयांचा नव्हे, ‘रूप’ म्हणजे निव्वळ अंक. आजची ३क्ष + ४ ही राशी त्यांच्या पद्धतीने ‘या ३ रू ४’ अशी दिसली असती, आणि ती पाहून ‘या ७’ लिहिण्याचा मोह फारसा झाला नसता, हे त्या लेखनपद्धतीचे यशच म्हणावे लागेल.

त्यांच्याच ‘लीलावती’त १३५ गुणिले १२ हे उदाहरण येते. तेथे गुणकाचे खंड पाडण्याची रीत दिली आहे. बाराचे आठ आणि चार केले तर १०८० आणि ५४० मिळून १६२०. दहा आणि दोन केले तर १३५० आणि २७० मिळून पुन्हा १६२०. गुणकात सोयीची संख्या मिळवून मग तेवढ्यापटीने वजा करण्याची वाटही ते दाखवतात; वीसपट करून आठपट वजा केली, २७०० उणे १०८०, तरी तेच. पावणेचार किलोचा हिशेब करणारा विक्रेता याच वाटेने जातो. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद करणारा तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा शिलालेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. युरोपात या गुणधर्माला ‘वितरणा’चे नाव मिळाले ते बऱ्याच नंतर, १८१४ मध्ये, सर्व्हवा या फ्रेंच गणितज्ञाकडून.

संख्येचे खंड पाडणे मराठी मुलाला सोपे की अवघड, यावर महाराष्ट्राने २०१९ साली चांगलाच वाद घातला होता. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले आणि भाषा बुडाल्याची ओरड झाली. गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर (२०२३ मध्ये त्यांचे निधन झाले) यांची भूमिका मुलांना संख्या सोपी जावी अशी होती. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा वेगळा विषय. परंतु सदुसष्टमध्ये साठ आणि सात दडलेले आहेत, हे ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याला ६७ गुणिले ४ म्हणजे २४० अधिक २८ हे सुचणेही अवघड जाते.

आकडे आणि पिशव्या यांच्या पुढची पायरी चित्राची. भिगवण परिसरातील मुलांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की काठची गाळाची जमीन उघडी पडते आणि तेथे गाळपेर होते. पाण्याच्या दिशेने १०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद असा एक आयताकृती तुकडा घेऊ. पाणी आणखी क्ष मीटर मागे हटले. आता क्षेत्र किती?

४०(१०० + क्ष) = ४००० + ४०क्ष

जुना तुकडा ४००० चौरस मीटरचा आणि नव्याने उघडी पडलेली पट्टी ४०क्ष चौरस मीटरची. पाणी १५ मीटर हटले असेल तर एकूण ४६००. जो मुलगा ४००० + क्ष लिहितो त्याचे उत्तर ४०१५ येते. म्हणजे पंधरा मीटर मागे सरकलेल्या पाण्याने त्याला अवघी पंधरा चौरस मीटर जमीन दिली. वहीत रेघा ओढून हे दाखवले की चूक त्याची त्यालाच दिसते.

याच चित्रातून क्ष आणि क्ष² विजातीय का, हेही उलगडते. तुकडा क्ष मीटर बाजूचा चौरस असेल आणि पाणी ३ मीटर हटले, तर क्षेत्र क्ष(क्ष + ३), म्हणजे क्ष² + ३क्ष. एक चौरस आणि त्याला लागून एक अरुंद पट्टी. बाजू १० मीटर असेल तर १०० आणि ३०, एकूण १३०. दोन्ही पदांत अक्षर एकच आहे म्हणून ४क्ष² लिहिणाऱ्याचे उत्तर ४०० येईल. २०१७ साली आलेल्या सातवीच्या पुस्तकापासून बैजिक राशी मुलांसमोर येतात आणि आठवीत त्यांचे अवयव पाडायचे असतात. क्ष² + ३क्ष दिले असता क्ष(क्ष + ३) शोधणे म्हणजेच अवयव पाडणे. एक बाजू ठाऊक असलेल्या जमिनीची दुसरी बाजू काढणे, एवढेच ते असते.

उत्तर बरोबर आहे की नाही हे शिक्षकाची वाट न पाहता तपासण्याची एक सोय बीजगणितात आहे, ती वर्गात पुरेशी सांगितली जात नाही. क्षच्या जागी एखादी संख्या ठेवून दोन्ही बाजूंची किंमत काढायची. ३(क्ष + ४) मध्ये क्ष बरोबर २ धरले तर १८ येतात. ३क्ष + ४ मध्ये १० येतात. जुळत नाहीत, म्हणजे कुठेतरी चुकले. ३क्ष + १२ मध्ये १८ येतात. मात्र ही संख्या निवडताना १ टाळावा. २क्ष + ३ बरोबर ५क्ष ही ठळक चूक, पण क्ष बरोबर १ ठेवले तर दोन्हीकडे ५ येतात आणि चूक निसटते. २ ठेवले की एकीकडे ७ आणि दुसरीकडे १०.